कुकरवरची लाल चिठ्ठी

आमच्या घरी पार्सल आलं की ते आधी सासऱ्यांकडे जातं. मग त्यात माझे कुर्ते असोत, नाहीतर माझ्या नवऱ्याचा, दिग्विजयचा, चार्जर. बाबा हिंडोळ्यावर बसतात, डोळ्याला भिंग लावतात, स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवतात आणि खोक्यावरचं एकेक अक्षर वाचून काढतात. मग जाड निळ्या वहीत नोंद होते. माल काय, कुठून आला, पास की नापास. खाली 'तपासणारा : हिंमतराव' आणि झोकदार सही. तिच्याखाली आणखी एक ओळ ते दरवेळी पट्टीने आखतात, 'मान्य :' म्हणून. ती कायम कोरी.

लग्न होऊन मी कारेलीबागेतल्या या गुजराती शेजाऱ्यांच्या सोसायटीत आले त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात बाबांनी माझे दोन मिक्सर, एक इस्त्री आणि माझ्या आईने हौसेने पाठवलेली एक साडी नापास केली. साडीच्या जरीला भिंग लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या वहीवर माझा राग होता, तो उगीच नव्हता.

बाबा कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. काम एकच. सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचे. दाब वाढला की जे वेळेवर उघडायला हवं, ते खरंच उघडतं का, एवढंच बघायचं. जो नग नापास, त्याला तारेने लाल चिठ्ठी बांधायची. ती चिठ्ठी असेपर्यंत त्या नगाला कोणी हात लावायचा नाही. निवृत्तीच्या वेळी लोक घड्याळ घेतात, यांनी लाकडी पेटीतला लांब थर्मामीटर मागून घेतला. बढती मात्र कधी मिळाली नाही. "हेकट स्वभाव, दुसरं काय," असं सासूबाई म्हणायच्या, आणि मीही तेच धरून चालले होते.

यंदा दिवाळीच्या आधी मला ॲपवर आमच्याच कुकरच्या कंपनीचे सेफ्टी व्हॉल्व्ह निम्म्या किमतीत दिसले. मी लिंक सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. आमच्याकडे असंच चालतं. एकीने शोधायचं आणि सगळ्यांनी मिळून मागवायचं. त्यातही माझ्या शब्दाला वजन आहे, हे मी आपल्याच तोंडाने सांगते. समोरच्या कोमलबेन तर "मोहनाबेन कहे एटले फायनल" म्हणून मोकळ्या होतात. बावीस घरांनी व्हॉल्व्ह घेतले. मी ते वाटूनही टाकले आणि आमचे तीन तेवढे बाबांपुढे ठेवले.

बाबांनी आमच्या कुकरचा जुना व्हॉल्व्ह काढून काट्यावर ठेवला, मग नवा ठेवला. पुन्हा जुना, पुन्हा नवा.

"हलका आहे," ते म्हणाले. "आणि कंपनीचं नाव कोरलेलं नाही, छापलंय. मोहना, हा माल खोटा वाटतोय."

"बाबा, बावीस घरांत गेलाय तो!"

"मग बावीस घरांत खोटा गेलाय."

माझं डोकंच फिरलं. "हा तुमचा कारखाना नाही," मी बोलून गेले. सकाळी उठून बघते तर तिन्ही कुकरना जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या लाल चिठ्ठ्या बांधलेल्या! मी एक ओढून काढली, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि डाळ चढवली. बाबा आत आले, गॅस बंद केला आणि ओट्यासमोर उभे राहिले.

"माझ्यावर राग काढ. पण तपासल्याशिवाय हा कुकर चढणार नाही."

त्यांनी रावपुऱ्यातल्या कंपनीच्या डीलरकडून एक खरा व्हॉल्व्ह आणला. गॅलरीत शेगडी मांडली, लोखंडी कढईत तेल तापत ठेवलं आणि खरा व आमचा असे दोन्ही व्हॉल्व्ह तारेला टांगून, पेटीतल्या त्या थर्मामीटरसकट तेलात सोडले. मला म्हणाले, "शिटी अडकली आणि वाफ कोंडली, की याच्या पोटातला धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो वितळला नाही तर झाकण छताला जातं. आता बघ."

पारा दीडशेला पोचायच्या आत खऱ्या व्हॉल्व्हमधून चांदीसारखा थेंब सुटून कढईच्या तळाशी गेला. आमचा ढिम्म. पारा दोनशेच्या वर गेला, तेल धुरावलं, तरी आमचा तसाच. बाबांनी उरलेले दोनही टांगले. "एका नगावर निकाल देत नाहीत." तेही ढिम्म.

बावीस स्वयंपाकघरं डोळ्यांपुढे आली.

ग्रुपवर मी लगेच लिहिलं, कुणीही नवा व्हॉल्व्ह वापरू नका, संध्याकाळी सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये या. मग ॲपवर तपासणीचे फोटो टाकून तक्रार केली. विक्रेत्याचं उत्तर तासाभरात आलं, आणि ते इतकं गोड होतं की मला हायसं वाटलं. वापरलेले असले तरी चालतील, पॅकिंग नसलं तरी चालेल, सगळे नग परत पाठवा, सगळे पैसे देतो. फक्त तक्रार काढून टाका.

"सुटलो, बाबा!" मी म्हटलं.

"परत गेलेला माल कुठे जातो, ठाऊक आहे तुला?" बाबांनी विचारलं. मग चौदा वर्षांत कधी न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. कारखान्यात त्यांनी आठ व्हॉल्व्ह नापास केले होते. साहेबांनी नोंदीखाली 'मान्य' म्हणून सही केली नाही. माल गुपचूप पुरवठादाराकडे गेला आणि तीन महिन्यांनी नव्या खोक्यांतून परत आला. बाबांनी ओळखला, कारण प्रत्येक नगाच्या बुडाशी त्यांनी बारीक ठिपका ठोकून ठेवला होता. त्यांनी पुन्हा नापास केला. साहेबांनी पुन्हा सही नाकारली. म्हणाले, "हिंमतराव, तुमचे डोळे म्हातारे झाले." त्या वर्षी बढती हाताखालच्या माणसाला मिळाली.

मला माझीच लाज वाटली. हेकट म्हणे!

संध्याकाळी कॉमन प्लॉटमध्ये सगळ्या जमल्या. बाबा हातोडी आणि वही घेऊन तिथल्या दगडी ओट्यापाशी बसले. ज्यांनी माझ्या शब्दावर माल घेतला, त्यांच्यासमोर मी उभी राहिले. "चूक माझी आहे," मी गुजरातीतून सांगितलं. "परत पाठवले तर पैसे मिळतील. पण हेच व्हॉल्व्ह उद्या दुसऱ्या कुणाच्या कुकरवर बसतील. मी माझे मोडणार आहे. तुमचं तुम्ही ठरवा."

"तो अमारा पैसा?" कोमलबेन चढ्या आवाजात म्हणाल्या. दोघीतिघींनी माना डोलावल्या. आता माझा शब्द संपला, असं मला वाटलं. तेवढ्यात कोमलबेनच पिशवीत हात घालून फोन शोधू लागल्या. त्यांनी दोन व्हॉल्व्ह घेतले होते, आणि एक सुरतेला लेकीकडे पाठवला होता. तिने ग्रुप थोडाच वाचला होता!

"कूकर चढावती नहीं, बेटा! पहेलां पेलो वाल्व काढी नाख!" त्या फोनवर ओरडत होत्या. लेकीने व्हॉल्व्ह काढल्याचं सांगेपर्यंत आम्ही सगळ्या त्यांच्याभोवती गोळा झालो होतो. फोन ठेवून कोमलबेन बाबांपुढे आल्या आणि आपला व्हॉल्व्ह ओट्यावर ठेवला. "तोडी नाखो, काका."

बाबांनी हातोडी उचलली. एकामागून एक सगळ्या पुढे येत गेल्या.

पुराव्यासाठी दोन नग बाबांनी न मोडता पाकिटात बंद करून ठेवले होते. तक्रार आणि ती पाकिटं आम्ही कुकरच्या कंपनीला पाठवली, आणि पंधरा दिवसांत ते दुकान ॲपवरून दिसेनासं झालं. कंपनीचं आभाराचं पत्रही आलं, ते दिग्विजयने फ्रेम करून हिंडोळ्यामागे लावलंय. पण मला अभिमान आहे तो त्या संध्याकाळचा. पंच्याहत्तरीचा माझा सासरा खाली बसून हातोडी चालवत होता, आणि सबंध सोसायटी त्याच्याभोवती उभी होती.

शेवटचा नग चेपल्यावर बाबांनी वही उघडली. 'नापास' लिहिलं, सही केली, सवयीने 'मान्य'ची ओळ आखली आणि वही मिटायला घेतली. मी त्यांच्या हातून ती काढून घेतली आणि त्या ओळीवर माझी सही केली.

बाबा किती तरी वेळ त्या सहीकडे बघत राहिले. भिंग न लावता. मग चष्मा पुसला आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"साहेब," ते म्हणाले, "तारीख राहिली."