वळणावरची आक्का

आक्काला साधी सायकलही चालवता येत नव्हती, पण मोटारसायकलच्या शर्यतीत कोण कुठल्या वळणावर घसरणार, हे ती आधीच सांगायची. सांगायची म्हणजे ओरडून नव्हे. पदर नाकावर धरून, समोर बघत, शेजारी मी असेन तर मला, नसेन तर स्वतःला. "तो निळा पडणार बघ," म्हणायची. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीला निळा पडायचा.

ती माझी थोरली बहीण. निपाणीत चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. आई लवकर गेली, तेव्हा आक्का सतरा वर्षांची होती आणि मी सहा. तिनं लग्न केलं नाही. मला शिकवलं, मी हायस्कुलात मास्तर झालो, आणि मग आम्ही दोघं एकाच घरात, फारसं न बोलता, वय वाढवत राहिलो. संध्याकाळी मी वाचत बसायचो, ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. आमच्या घरात रेडिओसुद्धा हळू लागायचा.

दरवर्षी थंडी सरता सरता गावाबाहेरच्या मैदानावर मातीतल्या गाड्यांची शर्यत व्हायची. कोल्हापूर, सांगली, हुबळीहून पोरं यायची. भोंग्यावरून एक माणूस अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये नावं पुकारायचा. आक्काला हा नाद कसा लागला, हे मी एकदा विचारलं होतं. "एवढा आवाज कशाचा म्हणून बघाया गेलतो, आणि बसलोच," एवढंच ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, गेलतो, आलतो. गल्लीतल्या बायका तिची थट्टा करायच्या. एकीनं विचारलं, "म्हातारपणी गाडी घेतीस काय गं आक्का?" आक्का सूप झटकत म्हणाली, "घेतो की. तू मागं बसणार काय, सांग."

तिची बसायची जागा ठरलेली. जिथं शर्यत संपते तिथं सगळी गर्दी असते, तिथं ती कधी बसली नाही. पलीकडच्या वळणावर, टायर रचून ठेवलेले असायचे, त्यांच्या मागं पोतं टाकून बसायची. आल्या आल्या मातीकडं बघायची. टँकरनं पाणी मारलेलं असायचं. विडीचं पान वळण्याआधी भिजवून ठेवतात. जास्त भिजलं तर कुजतं, कमी भिजलं तर चिरतं. ती मातीलाही तोच न्याय लावायची. "वरनं ओली दिसती, आत कोरडी हाय. आज लई पडणार," असं म्हणायची. गाड्या सुटल्या की तिची नजर चाकांवर नसे, हातांवर असे. मी विचारलं तेव्हा तिनं मला मास्तरासारखं समजावलं होतं, "हात आवळला की पान फाटतंय. त्यानंबी हँडल आवळलंय बघ. भ्यालाय."

मी तिच्याबरोबर कितीतरी वर्षं गेलो, पण शर्यत पाहिली असं मला म्हणता येणार नाही. मी पुस्तक नेत असे. त्या गोंगाटात, धुळीत, मी पान उलटत बसायचो. याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, निदान तिनं दाखवलं नाही. "वाच की. तू हाईस एवढं बास," म्हणायची. वर्षभरात जेवढं बोलत नसे तेवढं त्या एका संध्याकाळी बोलायची. त्यातलं निम्मं मी ऐकलं नाही. आज ते आठवायला बसलो की फार थोडं हाती लागतं.

शर्यतीतला तिचा माणूस मात्र मला आठवतो. गावातलाच एक, टायरच्या दुकानाचा, दरवर्षी शेवटून दुसरा येणारा. पहिल्या येणाऱ्याकडं ती बघायचीसुद्धा नाही. "पयला येणारा कुणाचाबी असतोय. ह्यो आपला हाय," हे तिचं म्हणणं. शर्यत झाली की तो धुळीनं माखलेला वळणावर यायचा, गाडी थांबवायचा आणि विचारायचा, "आक्का, कसं झालं?" आक्का म्हणायची, "हात आवळलास." तो मान डोलवायचा. दरवर्षी तेच.

मग तिची छाती भरली. चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ आत साठली होती. डॉक्टरांनी धूळ आणि धूर दोन्ही वर्ज्य सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. शर्यत तोंडावर आली. ती विचारणार, हे मला ठाऊक होतं. नाही म्हणण्याचं धैर्य मला झालं नाही. मी म्हणालो, "यंदा शर्यत रद्द झाली आक्का, मैदान मिळालं नाही." ती "बरं" म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी मी पेपर तपासत होतो, ती उंबऱ्यात बसली होती. वारा फिरला आणि मैदानावरचा आवाज सरळ आमच्या गल्लीत आला. आधी एक गाडी, मग सगळ्या. मी मान खाली घालून त्याच पेपरवर तेच गुण पुन्हा गिरवत राहिलो. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, ती म्हणाली, "रद्द झालेली शर्यत लई रंगलीया रं."

मी उठलो. चल, रिक्षा आणतो, शेवटची फेरी तरी मिळेल, असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "नको. माझ्यासाठीच बोललास, ठाव हाय मला." मग खोकला आला. आवाज थांबेपर्यंत ती तिथंच बसून राहिली आणि मग दिवा लावायला उठली. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पावसाळ्यात ती गेली.

घरी बुद्धवंदना झाली त्या दिवशी तो टायरवाला आला होता. माणसं उठून गेल्यावरही बसून राहिला. मग म्हणाला, "सर, शर्यत झाल्यावर मी वळणावर थांबलतो. आक्का दिसल्या न्हाईत." मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, माझं खोटं, उंबरा, वारा. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो हातातली टोपी फिरवत ऐकत राहिला.

"निरोप धाडायचा की सर," तो म्हणाला. "त्यास्नी धुळीत कशाला न्यायचं? मी गाडी घेऊन दारात आलो असतो. डांबरी रस्ता हाय गल्लीत. दोन फेऱ्या मारल्या असत्या."

इतकं सोपं होतं. मला सुचलं नाही, आणि तिनं मागितलं नाही.