तीन मिनिटं हात वर

स्टाफरूममध्ये किस्से मुद्दाम कुणी गोळा करत नाही. फळ्याखालच्या पट्टीवर खडूची भुकटी साचते तसे ते साचतात. शिपाई मामांनी सकाळी फडकं मारावं आणि शेवटच्या तासाला बोट फिरवलं की पुन्हा बोट पांढरं!

आमच्या स्टाफरूममधले निम्मे किस्से माझ्या डाव्या हाताचे आहेत, आणि ते सांगायचे भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क आणि माझे यजमान. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. लासुर्ण्याजवळची शाळा, सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. दोन वर्षांपूर्वी, एका रविवारी सकाळी, अंगणातल्या नळाला पाइप लावता लावता भाऊसाहेब गेले. हार्ट अटॅक. त्याआधी चार दिवस त्यांचा डावा हात दुखत होता. आणि आमच्या घरात हाताच्या दुखण्यातलं सगळ्यात जास्त कळणारी मी होते.

आता ते किस्से बाकीचे सांगतात. कुणी शेवट आधी सांगून टाकतं, कुणी त्यांचं वाक्य हेडसरांच्या तोंडी घालतं. म्हणून एकदा मीच लिहून ठेवते आहे. त्यांच्यासारखी रंगत येणार नाही. पण वाक्यं तरी ज्याची त्याला मिळतील.

*

मी डावखुरी. फळ्यावर लिहिताना डावा हात डोक्याच्या वर गेला की मिनिटाभरात जड व्हायचा, गार पडायचा. करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या. एकदा नववीच्या वर्गात म्हणी लिहीत होते. ‘नाचता येईना’ एवढं लिहिलं आणि खडू हातातून सुटला. मागच्या बाकावरून आवाज आला, "अंगण वाकडं, बाई!"

भाऊसाहेब त्याच दिवशी मला मोटरसायकलवर घालून बारामतीला घेऊन गेले. "डावा हात हाय. चान्स घ्यायचा न्हाय!" ईसीजी नॉर्मल. दोन महिन्यांनी पुन्हा दुखलं, पुन्हा बारामती, पुन्हा नॉर्मल. तिसऱ्या वेळेला तिथला टेक्निशियन म्हणाला, "भाऊसाहेब, मागचेच दोन कागद बघा ना. मॅडमचं काही बदलत नाही."

"तिचं मत बदलत न्हाय, ते मला माहीत हाय," भाऊसाहेब म्हणाले. "तुमी हृदयाचं बघा!"

तीनदा नेलं त्यांनी मला. तीनदा.

*

मग मानेचा पट्टा झाला, गोळ्या झाल्या. पणदऱ्याच्या एका नामांकित बाईंनी खांदा असा चोळून दिला की आठ दिवस हात टेबलावरून उचलेना. दुखणं काय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहायला लागले होते. मागच्या बाकांवरच्या मुलांना काही दिसेना. पालक सभेत तक्रार आली.

सोमवारी शाळेत गेले तर नववीचा फळा फूटभर खाली! रविवारी भाऊसाहेबांनी शिपाई मामांना बरोबर घेऊन, ड्रिल आणून, अख्खा फळा उतरवून खाली ठोकला होता. परवानगी विचारली का, म्हणून हेडसर चिडले.

"परवानगीचा अर्ज मीच लिहिणार, मीच तुमच्यापुढं ठेवणार, मीच फायलीला लावणार," भाऊसाहेब म्हणाले. "म्हटलं, काम आधी उरकून घ्यावं."

आमचे इंग्रजीचे तांबोळी सर सव्वासहा फूट. त्या आठवड्यात ते स्टाफरूममध्ये कमरेवर हात ठेवून आले. "बाईंचा खांदा वाचला, पण माझी कंबर गेली! भाऊसाहेब, आता माझ्यासाठी जमीन खोदा!"

*

वेणीचा किस्सा शिंदे बाई फार छान सांगतात, पण त्यांना तो अर्धाच माहीत आहे.

दोन्ही हात मागे नेऊन वेणी घालणं मला जमेनासं झालं. केस कापून टाकते म्हटलं तर भाऊसाहेब म्हणाले, "कशाला? मी घालतो." ते वरकुट्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. लहानपणापासून बैलांची दावी वळलेली. पहिल्याच दिवशी अशी वेणी घातली की तिला बादली टांगून विहिरीतून पाणी काढावं! आणि खाली रबर लावायचं त्यांना सुचलंच नाही. केसांचीच गाठ मारली, दाव्याला मारतात तसली.

शाळेत शिंदे बाईंनी मागून बघितलं. "अगं बाई! आज कुठल्या गोठ्यातून सुटून आलात?"

ऑफिसच्या खिडकीतून भाऊसाहेबांचा आवाज, "सुटणार न्हाय, शिंदे बाई. गाठ बघा की!"

खरंच सुटली नाही. संध्याकाळी खोबरेल तेल लावून, अर्धा तास बसून त्यांनीच ती सोडवली. पुढे सवय झाली. तीन वर्षं रोज सकाळी साडेसहाला, डेअरीला दूध घालून आले की हात धुवायचे आणि फणी घ्यायचे. मी तीन वर्षं रोज एकच वाक्य म्हटलं, "ओढू नका हो, दुखतं."

दुसरं काही म्हणता आलं असतं. सुचलं नाही.

*

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी दुखणं ओळखलं. त्यांनी सांगितलं, दोन्ही हात वर करा, कोपरात वाकवा, आणि मुठी उघड-मीट करा. तीन मिनिटं. मी सुरुवात केली. चाळीस सेकंदांत डावा हात पांढरा पडला आणि आपोआप खाली आला.

"बस, कळलं," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली तर माझ्या शेजारच्या खुर्चीत भाऊसाहेब दोन्ही हात वर करून मुठी उघड-मीट करत बसलेले!

"अहो, तुम्ही कशाला? पेशंट त्या आहेत."

"तुमीच तीन मिनिटं म्हणालात न्हवं?" भाऊसाहेब म्हणाले. "तिची राहिलेली मी पुरी करतोय!"

*

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. नाव एवढं लांब की सांगेपर्यंत हातात मुंग्या याव्यात. गळ्याजवळचं हाड आणि त्याखालची पहिली बरगडी, यांच्या फटीतून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. माझी ती फट अरुंद. उपाय म्हणजे बरगडी काढायची.

स्टाफरूमला काही कळेना. मग भाऊसाहेबांनी समजावलं. "सीझनला कॅनॉलच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्या अडकत्यात का न्हाय? तसं झालंय. पूल अरुंद, वाहनं जास्त."

"मग आता?" मामांनी विचारलं.

"मग काय! कठडा पाडायचा."

माझ्या रजेचा अर्जही त्यांनीच टाइप केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘बरगडी क्रमांक एक सेवामुक्त होत असल्याने’. हेडसरांनी न वाचता सही केली! तो अर्ज अजून फायलीत आहे. मधे एकदा काही शोधताना मला सापडला. मी तो पुन्हा तिथेच ठेवला.

*

ऑपरेशन काखेतून झालं. काखेत नळी, हाताची आतली बाजू बधिर, श्वास घेतला की कळ. पण सगळ्यात जास्त दुखायचं ते हसल्यावर. आणि घरी बघायला येणार कोण? आमची स्टाफरूम!

भाऊसाहेबांनी घराच्या दारावर टाइप केलेली नोटीस लावली. ‘भेटीस येणाऱ्यांस कळविण्यात येते की, रुग्णास हसविण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.’ खाली सही. सहीखाली गोल शिक्का. शिक्का बघितला तर ‘सरस्वती पूजन समिती’चा!

मी दारातच भिंतीला धरून पाच मिनिटं हसले आणि कळवळले. नियम मोडणारी पहिली व्यक्ती मीच.

*

दवाखान्यानं श्वासाच्या व्यायामासाठी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. त्यात तीन गोळ्या असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. माझं काम झाल्यावर भाऊसाहेबांनी ते शाळेत नेलं. प्रत्येकाची नळी वेगळी, हा शिंदे बाईंचा नियम. मधल्या सुट्टीत चढाओढ लागायची. हेडसर, एक गोळी. शिंदे बाई, दोन. तांबोळी सर सव्वासहा फुटांचे, पण दीड! भाऊसाहेब मात्र तिन्ही गोळ्या उचलून, डोळे मिटून, योगी बसल्यासारखे बसायचे.

दीडेक वर्षानं, एका डिसेंबरात, त्यांची तिसरी गोळी उचलेना. मग दुसरीही थरथरायला लागली.

"म्हातारे झालात, भाऊसाहेब!" तांबोळी सर म्हणाले.

"मी न्हाय, यंत्र म्हातारं झालंय."

सगळे हसले. मी वह्या तपासत होते. मान वर करून हसले आणि पुन्हा वह्या तपासायला लागले.

*

हा किस्सा भाऊसाहेबांनी स्वतःवरच सांगितलेला.

ऑपरेशननंतर सहा महिने मी फिजिओथेरपीला बारामतीला जात होते. दोरी ओढ, भिंतीवर बोटं चढव, खांदे मागे घे. आधी कपाळापर्यंत हात गेला, मग डोक्यावर, मग मागे. एका सकाळी ते डेअरीला गेलेले असताना मी आरशापुढे बसले आणि माझी मी वेणी घातली! वाकडी झाली, पण झाली. मला एवढा आनंद झाला होता की ते आले तशी मी पाठ करून उभी राहिले. "बघा! आता तुमचं दावं नको!"

ते हात धुऊन, फणी घेऊनच आले होते. "बरं झालं," म्हणाले. फणी टॉवेलनं पुसली आणि कोनाड्यात ठेवली.

शाळेत आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "मंडळी, आज माझी तीन वर्षांची नोकरी गेली. ना नोटीस, ना निरोप समारंभ!"

काय हशा झाला! दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी पुन्हा माझी मीच वेणी घातली. हात जमतोय का, हे मला रोज बघायचं होतं. आठवड्यातून एक दिवस तरी त्यांना द्यायला हवा होता. ते पंधरा-वीस दिवस, डेअरीहून आले की हात धुवायचे आणि मग काय करावं ते न सुचून पेपर उघडायचे.

मला ते दिसत होतं. पण मला वाटायचं, पेपर वाचताहेत.

*

आता शेवटचा. स्टाफरूमच्या मते हा सगळ्यात भारी. तो कुणीच आता सांगत नाही, मी आत आले की विषय बदलतात. पण त्या दिवशी याच्याइतका हशा कशालाच झाला नव्हता.

शनिवार होता. सकाळची शाळा सुटलेली, मामांनी चहा आणलेला. भाऊसाहेब डावा हात चोळत आत आले.

"अजून दुखतोय?" मी विचारलं.

"हाय थोडा. पार जबड्यापातूर कळ येतीय."

"बारामतीला जाऊन ईसीजी काढून घ्या," शिंदे बाई म्हणाल्या.

"त्याचं मला सांगू नका!" मी म्हणाले. "माझे तीन काढले, तिन्ही नॉर्मल. डावा हात म्हणजे लगेच हृदय नसतं. इतकी वर्षं दोन दोन कॅन दूध उचलून डेअरीला नेताहेत, खांदा आखडणारच. थांबा, आत्ता टेस्ट घेते."

"घ्याच!" तांबोळी सरांनी मोबाइलवर घड्याळ लावलं. "हात वर, भाऊसाहेब! तीन मिनिटं!"

"एकटा न्हाय करणार," भाऊसाहेब म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी पण करायची."

मग आम्ही दोघं समोरासमोर खुर्च्यांवर बसलो आणि हात वर केले. मुठी उघड, मीट. उघड, मीट. सगळे मोठ्यानं आकडे मोजायला लागले. चाळीस सेकंद झाले. माझा हात गरम होता! एक मिनिट झालं. बोटं लाल होती, मुंग्या नव्हत्या. मी वर माझ्या हाताकडेच बघत होते. इतक्या वर्षांत तो तिथे एवढा वेळ कधी राहिलाच नव्हता. दोन मिनिटं. शिंदे बाई उभ्या राहिल्या. अडीच. मामा दारातून ओरडले, "सोडू नका, बाई!"

"तीन!"

टाळ्याच टाळ्या! मी हात खाली घेतले आणि समोर बघितलं. भाऊसाहेबांचे हात केव्हाच मांडीवर आले होते. कपाळावर घाम होता.

"दीड मिनिटात आउट!" तांबोळी सर म्हणाले.

"बघा, बरगडीच!" मी म्हणाले. "सोमवारी माझ्या फिजिओकडे नेते. आता तुमचीही एक सेवामुक्त!"

स्टाफरूम खदखदून हसली. भाऊसाहेबही हसले. त्यांनी उजव्या हातानं खिशातला रुमाल काढला, घाम पुसला आणि माझ्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले,

"माझी राहिलेली तू पुरी केलीस की!"