आत्याच्या राहण्याचं कलम

आमच्या घराण्यात ज्यांनी ज्यांनी मोठा दानधर्म केला, त्यांनी तो बहुधा कुणावर तरी चिडून केला. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, ज्यांना सगळी भावकी आप्पा म्हणायची, अख्खा ट्रस्ट काढला तो पोटच्या दोन मुलांवर चिडून.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. ओतूरच्या शिवेवर, डांबरी रस्त्याला लागून आप्पांची तीन एकर जमीन होती. बाकीची शेती आत होती, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण रस्त्याकडेच्या या तुकड्यापाशी दर आठवड्याला कुणीतरी मोटरसायकल लावून बांधावर उभा राही आणि हवेत हात फिरवून प्लॉट पाडी. दोन्ही मुलं भोसरीत नोकरीला. ती सुट्टीला आली की जेवताना भाव विचारायची. भाजीचा नाही, जमिनीचा. एकदा आप्पा ताटावरून उठले आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यादेखत लिलाव मांडलाय व्हय रं? देतोच आता धर्माला."

सगळ्यांना वाटलं, राग आहे, उतरेल. तो उतरला नाही. आठवड्यात आप्पा मंचरला माझ्या दारात हजर. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि आमच्या भावकीत मास्तर म्हणजे अर्धा वकील. लग्नपत्रिकेचा मजकूर, ग्रामपंचायतीला अर्ज, मयताची दशक्रियेची पत्रिका, सगळं माझ्याकडेच. त्यामुळे ट्रस्टचा मसुदाही माझ्याकडे आला, यात मला काही वावगं वाटलं नाही. ही माझी तेव्हाची अक्कल.

हेतू चांगला होता. डोंगराकडच्या वाड्यांमधल्या पोरी दहावीनंतर घरी बसायच्या, कारण ओतूरच्या कॉलेजात रोज येणं-जाणं जमायचं नाही. त्यांच्यासाठी त्या जमिनीवर वसतिगृह. चुलती दोन वर्षांपूर्वी गेली होती, तिची आठवण म्हणून. एवढं एका वाक्यात मावलं असतं. पण मी उद्दिष्टांचं पानभर रान केलं. स्त्रीशिक्षण, ग्रामविकास, वृक्षारोपण, व्यसनमुक्ती. तिकडे खोडदच्या माळावर आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या थाळ्या उभ्या राहिल्या होत्या, म्हणून मी 'खगोलविज्ञानाचा प्रसार' हेही घातलं. आप्पांनी विचारलं, "ह्ये काय?" मी म्हटलं, "असू द्या, पुढं लागेल." अजून लागलेलं नाही.

त्या जमिनीवर एक कौलारू घर होतं. पुढे पडवी, मागे गोठा. त्यात आमची आत्या राहायची, आप्पांची धाकटी बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला, सासरी कुणी ठेवलं नाही, तेव्हापासून ती तिथे. दोन म्हशी, मिरच्यांचं आळं आणि पडवीच्या उगवतीच्या कोपऱ्यात बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी, हा तिचा संसार. वडलांच्या मागे तिनं भावाला हक्कसोड लिहून दिली होती. आमच्याकडे बहिणी देतातच. जी देत नाही तिला दिवाळीला कुणी आणायला जात नाही. आप्पांनी सही घेतली, लुगडं-चोळी केली, आणि राहायला ते घर दिलं. दिलं म्हणजे तोंडी. भावा-बहिणीत आणखी कसं देणार?

जुन्नरला वकिलांकडे आम्ही तिघे गेलो. आत्या हट्टानं आली होती, तिला येताना बाजार करायचा होता. वकीलसाहेबांनी माझा मसुदा वाचला, खगोलविज्ञानापाशी जरा थांबले, मग म्हणाले, "एकदा जमीन विश्वस्त संस्थेला गेली की धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, बरं का."

आप्पा पुढे सरकले. "म्हंजी पोरांनाबी न्हाई?"

"नाही."

"उद्या मीच आलो, इकायची म्हनून?"

"तुम्हालाही नाही."

आप्पांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता वकिलाला मिठी मारतात.

मग वकीलसाहेबांनी विचारलं, "या घरात कोण राहतं?"

"ही काय, समोर बसलीय."

"मग एक कलम टाकू. यांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क. दोन ओळींचं काम आहे."

आप्पांचं हसू मावळलं. "साहेब, ती बहीण हाय माझी. भाडोत्री न्हाई."

"म्हणूनच म्हणतोय. तुम्ही आहात तोवर प्रश्न नाही."

"मी गेलो तरी माझी पोरं हायेत, पुतनं हायेत. आत्याला ऱ्हाऊ द्या असं कागदावर लिवावं लागलं, तर त्यांच्या जिनगानीवर थू."

वकीलसाहेबांनी आत्याकडे पाहिलं. तिनं पदर सावरला. "माज्या भावाच्या घरात ऱ्हायला मला कागूद कशाला? उद्या म्हनाल, जेवायचंबी लिवून घ्या."

सगळे हसले. मीही हसलो आणि वर म्हणालो, "साहेब, आमच्यात असलं काही लिहीत नाहीत." हे मी चक्क अभिमानानं म्हणालो. परतीच्या एसटीत आत्या मला म्हणाली, "चांगला व्हता वकील, पर त्येला भैन नसल."

विश्वस्त नेमताना आप्पांनी कुणी रुसायला नको म्हणून प्रत्येक घरातला एक घेतला. दोन्ही मुलं, मी आणि उरलेल्या घरांतले चुलतभाऊ. मुलांनी संमतीच्या सह्या मुकाट्यानं केल्या. मला नाही मिळाली तर नाही, पण त्यालाही मिळत नाही, या समाधानात दोघंही घरी गेले.

आणि खरं सांगतो, वसतिगृह झालं. देणग्या जमल्या, आमच्या घरापेक्षा बाहेरून जास्त. आत्याच्या घरापलीकडे चार खोल्या उठल्या, पोरी आल्या. आत्या त्यांच्यावर ओरडायची, त्यांना ताक पाजायची, कुणी उशिरा आली की रस्त्यात जाऊन उभी राहायची. आप्पांनी हे तीन वर्षं डोळे भरून पाहिलं आणि मग ते गेले.

त्यानंतर पुण्याच्या एका देणगीदार संस्थेनं वरचा मजला बांधून द्यायची तयारी दाखवली. त्यांचे हिशोबनीस पाहणीला आले. सज्जन माणूस. आत्याच्या पडवीत बसून तिच्याच हातचा चहा प्यायले आणि ती आत गेल्यावर त्यांनी हळूच मला विचारलं, "या कोण?"

"आमची आत्या."

"कुठल्या विश्वस्तांची नातेवाईक?"

"सगळ्यांचीच."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग अवघड आहे. विश्वस्तांचं नातलग संस्थेच्या मालमत्तेत फुकट राहतंय, असा अर्थ होतो. विश्वस्तपत्रात यांच्या राहण्याचा उल्लेख असता तर काहीच अडचण नव्हती."

मी जुन्नर गाठलं. वकीलसाहेब थकले होते, पण त्यांना सगळं आठवत होतं. ते 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाले, "देणारा गेला. आता विश्वस्तांनीच आपल्या आत्याला हक्क द्यायचा, तर परवानगी मागावी लागेल, आणि विश्वस्त घरचेच म्हटल्यावर त्याकडे कुणी चांगल्या नजरेनं बघणार नाही. त्यापेक्षा त्यांना कामावर घ्या. गृहमाता म्हणून. नेमणूकपत्र द्या, राहायची सोय त्यातच येते."

मला हे इतकं पटलं, की मी वाटेतच नेमणूकपत्राची भाषा जुळवू लागलो. संध्याकाळी सगळे चुलतभाऊ पडवीत जमले. आत्यापुढे मी ते छान समजावून सांगितलं. मास्तराला वाटतं, फळ्यावर नीट मांडलं की प्रश्न सुटतो.

ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी मी पगारी बाई."

"नावापुरतं गं. तू करतेस तेच करायचं."

"तेच करते ना? मग पगार कशाचा?"

आप्पांचा थोरला मुलगा म्हणाला, "आत्या, न्हाई तर तुला भाडं भरावं लागल. आमी भरू."

"माज्या भावाच्या घराचं भाडं तुमी भरनार. लई मोठी झाली रं माझी पोरं."

तिला घालवायची कुणाचीच इच्छा नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण मजला हवा होता. जागा नाही म्हणून त्या वर्षी कितीतरी पोरी परत पाठवल्या होत्या, आणि त्यातल्या काहींना आत्यानंच पाण्याचा तांब्या देऊन वाटेला लावलं होतं. शेवटी निघायचंही तीच बोलली. "पोरींची जागा व्हतीय ना? मग झालं. म्हशी इका."

म्हशी पिंपळवंडीच्या पाहुण्यांनी नेल्या. आत्या माझ्याकडे मंचरला आली, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरीत उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्यांकडे बघायची, पण विचारायचं कुणाला? माझी बायको तिचं सगळं करायची. आत्या कधी तक्रार करत नसे, आणि तिनं तक्रार न करणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळत होतं.

मजला पूर्ण झाल्यावर कार्यक्रम ठरला. धाकट्या चुलतभावानं पत्रिकेत आत्याला प्रमुख पाहुणी केलं. त्याला वाटलं, मान होईल. मांडव होता, स्पीकर होता. त्यानं माईकवरून सांगितलं, "आपल्या निमंत्रणाला मान देऊन मंचरहून इथवर आलेल्या…" आणि पुढचं वाक्य सोडून तो शाल उचलायला वळला. आत्यानं शाल घेतली, नारळ घेतला, टाळ्या वाजेपर्यंत उभी राहिली.

नंतर पोरींनी तिला वसतिगृह दाखवायला नेलं. सगळ्या नव्या होत्या, तिला ओळखणारी एकही नव्हती. जुन्या घराची अभ्यासिका केली होती. गोठ्याच्या जागी मोरी आणि नळ. ती सगळीकडे "छान हाय, छान हाय" म्हणत फिरली. परत येताना दमली, तेव्हा एका पोरीनं पळत जाऊन खुर्ची आणली आणि पडवीच्या उगवतीच्या कोपऱ्यात ठेवली.

"आजी, इथं बसा. इथं चांगला वारा येतो."

आत्या बसली. "हां," ती म्हणाली, "येतो खरा." आणि त्या पोरीला विचारू लागली, तू कुठली, घरी कोण कोण, गाडी कितीला असते. पोर उत्तरं देत राहिली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला आत जाऊन तिला चल म्हणायचं होतं. मी मांडवाच्या खांबाशी उभा राहिलो आणि जीपवाल्याला हातानं थांब म्हणालो.