एका दमात नंदुरबार

प्लेगच्या त्या दिवसांत डिंडोलीतल्या माझ्या एसटीडी बूथपुढे जी रांग लागायची, तिचं शेपूट उधना स्टेशनाला टेकायचं. तुम्ही म्हणाल, थापा मारतो. मारतो. पण रांग होती, आणि तिच्यातला एकूण एक माणूस माझ्या काचेवर खोकून गेलेला आहे. ती काच पुसता पुसता हात खांद्यातून निखळून खाली पडेल असं व्हायचं. एखाद्या दिवशी पडलाही असेल. उचलून परत लावायला सवड कोणाला होती?

अर्धी वस्ती गाठोडी बांधून आपापल्या गावी, खानदेशाकडे निघून गेली होती. उरलेल्यांचा दवाखाना मी झालो होतो. मी, नववी नापास! आमच्या गल्लीचे डॉक्टर गुजराती. मराठी शिकलेले ते पेशंटांकडून, त्यामुळे शिव्या तेवढ्या अस्सल. नेमके त्याच सुमारास ते बारडोलीला सासरी गेले असताना जिन्यावरून घसरले आणि पाय प्लॅस्टरात अडकला. सासऱ्यांकडे फोन होता, माझ्याकडे बूथ. ते तिकडून खाटेवर पडल्या पडल्या विचारत, मी आत रिसीव्हर कानाला लावून ओरडत असे, आणि पेशंट काचेबाहेर तोंडाला रुमाल बांधून उत्तर देई. रिसीव्हरला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती.

ताप हाताला कळतो, थुंकीचा रंग सांगता येतो. पण छाती कशी तपासायची? छातीला लावायची नळी काही बारडोलीहून पुरेना. तेव्हा डॉक्टरांनी शक्कल काढली. आमच्या लोकांना पाढे येवोत न येवोत, गावाकडच्या गाडीची स्टेशनं पाळण्यापासून पाठ. "भाई, त्याला उधन्यापासून एका दमात बोलायला लाव," ते म्हणाले. "दम कुठे तुटतो, ते मला सांग."

धडधाकट गडी एका दमात जळगाव गाठून परत निघायचा. जाताना नंदुरबार आलं, तर घरीच गोळ्या आणि आराम. त्याच्या अलीकडे दम संपला, तर सरळ सरकारी दवाखाना. दिवसभर माझ्या बूथपुढे उधना, चलथाण, बारडोली, मढी, व्यारा, सोनगढ, नवापूर असा गजर चालायचा. एकदा डोक्यावर ट्रंक घेतलेला एक जण धावत आला आणि म्हणाला, "गाडी कुठं लागली हो?"

मी डॉक्टरांना जरा फुलवून सांगायचो. साधा ताप असला, तरी त्याच्या अंगावर पापड भाजून निघतील म्हणायचो. डॉक्टर म्हणायचे, "तुझं बोलणं मी दोनाने भागून घेतो."

त्या दुपारी रांगेत मोठा भाऊ दिसला. वहिनीच्या खांद्यावर भार टाकून चालत होता. कापडाच्या लूमवर दोन दोन पाळ्या सलग काढणारा माणूस, पण अंगातलं सगळं सूत कोणीतरी ओढून काढल्यासारखा. वहिनीच्या दुसऱ्या हातात गाठोडं. संध्याकाळची गाडी धरायची होती त्यांना. मी काचेतून खूण केली. त्याने सुरू केलं, "उधना, चलथाण, बारडोली, मढी..." आणि थांबला. भिंतीला हात टेकून उभा राहिला.

मी फोनमध्ये म्हणालो, "साहेब, मढी."

"तुझी मढी म्हणजे माझं दोंडाईचा, नंदुरबारच्याही पुढचं," डॉक्टर हसले. "गोळ्या दे. पुढचा बोलाव."

"साहेब, माझा भाऊ आहे हो. आईची शपथ, मढी."

"तुझ्या आईच्या शपथा पेटीभर जमल्यात माझ्याकडे." मग म्हणाले, "दे त्याला फोन."

मी दार उघडलं. भाऊ आत येताच भट्टीचं दार उघडावं तशी झळ लागली, आणि ही थाप नाही. रिसीव्हर मीच त्याच्या तोंडापुढे धरला. बेट्याने छाती फुगवली आणि धडाधडा म्हणाला, "उधना, व्यारा, नंदुरबार!"

"आणि बारडोली?" डॉक्टरांचा आवाज रिसीव्हरबाहेर मलाही ऐकू येत होता. "मी इथे पाय वर करून पडलोय, आणि तुझी गाडी थांबली पण नाही?"

"फास्ट गाडी शे, साहेब," भाऊ म्हणाला, आणि तेवढ्यावर त्याला खोकला आला. तो काही थांबेना. वाकला, माझ्या दंडाला धरलं, तरी थांबेना.

मग डॉक्टर बोलले, शिवी न देता, अगदी हळू. "भाई, ह्याला गाडीत चढू देऊ नको. आत्ता दवाखान्यात ने."

भाऊ पायरीवर बसला. "मी दवाखानामां जावाव नई. तठे जो जास, तो परत येत नई. मरानं व्हई ते गावले जाईसन मरसू."

मी रागावलो, हात जोडले, खांदा धरून उठवायला गेलो. रांगेतले ओरडायला लागले, "ओ शेठ, आमचा नंबर कधी?" माझ्यात आणखी भांडायचा जीवच राहिला नव्हता. मीही त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.

वहिनीने गाठोडं खाली ठेवलं. "गावले तुमनी माय शे," ती म्हणाली. "हाई दुखनं लई जाशात का तिनाकडे?"

भावाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आपल्याच हातातल्या रुमालाकडे. आणि उठला. साड्यांचे तागे नेणारा एक रिकामा टेंपो मिळाला, त्यात त्याला आडवा केला.

दवाखान्यात आम्हाला कोणालाच आत सोडत नव्हते. मी रस्त्यावर उभा राहून खिडक्या बघायचो. दुसऱ्यांचे भाऊ दिसायचे, माझा नाही. वहिनी विचारायची, "दिसना का?" मी तिला सांगायचो, दिसला, उठून बसला होता, दोन भाकरी मागत होता. मग घरी न थांबता बूथवर जायचो. स्टेशनं ऐकायचो, काच पुसायचो आणि पुन्हा रस्त्यावर येऊन उभा राहायचो.

एका सकाळी वरच्या खिडकीत तो आला. तोंडाला फडकं, एक हात गजावर. लूमच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. बूथ घेण्याआधी मीही त्याच्याच शेजारच्या लूमवर होतो. त्याने विचारलं, जेवलास? मी दोन्ही हातांनी सांगितलं, पोट फुटेस्तोवर. त्याने मान हलवली, त्याला पटलं नव्हतं. मग तळहात आडवा फिरवला. लूम बंद कर, पाळी संपली, घरी जा.

मी हो म्हटलं आणि तिथेच फुटपाथवर बसलो. घरी जायचं, तर उठावं लागलं असतं.