उपयोग अज्ञात, नग एक

२२ नोव्हेंबर १९९८, रविवार. इमारतीत सत्तर माणसे, मागच्या चाळीत अडुसष्ट. एकूण एकशे अडतीस.

एवढ्यांच्या नावांची यादी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत पाणीपुरवठा कचेरीत पोचायला हवी होती. भाईंदर पूर्वेच्या त्या गल्लीला नळ नव्हता. इमारतीच्या टाकीत टँकर रिकामा होई आणि तळाशी जे उरेल ते चाळीला मिळे. इमारतीने आणि चाळीने मिळून एकच जोडणी मागायची असे ठरले, तेव्हा चाळीतली नावे, वये आणि शिधापत्रिकांचे क्रमांक दारोदार फिरून संघप्रिया खरातने जमवले. तीन आठवडे लागले. तिच्या आईने पाण्याच्या रांगेत घालवलेल्या सकाळी मोजायचे संघप्रियाने सोडून दिले होते. ही यादी मात्र तिला हुकू द्यायची नव्हती.

संघप्रिया तेव्हा सत्तावीस वर्षांची. वडील तात्याराव जालन्याकडून आलेले, काशीमीऱ्याच्या एका गोदामावर पहारेकरी. ती टायपिंग शिकली, त्याच संस्थेत शिकवू लागली, आणि संस्थेने संगणक घेतले तेव्हा थोरले सर त्यांना हात लावायला भ्याले म्हणून हिने पुस्तिका वाचून ते चालवून दाखवले. पुढे क्लासमधला कोणताही संगणक आजारी पडला की हिलाच हाक जाई. हात गुणी होता. एकच उणीव होती: ‘मला हे येत नाही’ असे म्हणणे तिला जमत नसे. ज्यांना एकदाही चुकण्याची मुभा मिळत नाही, त्यांच्या जिभेला हे वाक्य सहसा वळत नाही.

इमारतीचे चिटणीस आत्माराम नाडकर्णी. एका सरकारी कचेरीच्या अभिलेखकक्षात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालेले. मस्कतच्या भाच्याने दिलेला लॅपटॉप त्यांच्याकडे होता आणि यादी त्यावर त्यांनी स्वतः एका बोटाने उतरवली होती. शनिवारपासून तो लॅपटॉप काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ दाखवून गप्प बसू लागला. रविवारी दुपारी संघप्रिया फ्लॉप्या आणि सीडी घेऊन आली. तिने विचारले, शेवटी काय केले होते?

“विशेष काही नाही,” आत्मारामपंत म्हणाले. “थोडी निंदणी केली.”

शेतातले तण उपटावे तसे कचेरीतले निरुपयोगी कागद वेगळे काढायचे, याला निंदणी म्हणतात. ‘अ’ वर्ग कायम जपायचा, ‘ड’ वर्ग मुदत संपताच नष्ट करायचा. पंतांनी संगणकातही हाच शिरस्ता पाळला. आपण स्वतः तयार केलेली यादी ‘अ’ वर्गात घातली. ज्यांच्यावर कोणाची सही नाही, नावावरून विषय कळत नाही, अशा तीनएकशे फायली ‘ड’ ठरवून पुसून टाकल्या. संगणक ज्यांच्या जोरावर जागा होतो, त्या सगळ्या त्यात गेल्या.

“आणि माझे हाताने लिहिलेले कागद?”

“टंकलिखित प्रत झाल्यावर कच्चे कागद ठेवत नाहीत,” पंत म्हणाले. यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते.

म्हणजे एकशे अडतीस माणसे आता त्या बंद डब्यातच होती. सगळी मूळ प्रणाली नव्याने घालावी लागणार होती, आणि तीही आतली तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क, न पुसता.

संघप्रियाने बटण दाबून मांडणीचा निळा पडदा उघडला. संगणकाने कुठून सुरुवात करावी, हे तिथे ठरते. क्लासमधल्या यंत्रांवर तिथे तीन ओळी असत: फ्लॉपी, सीडी, आतली तबकडी. इथे एकच होती, आतली तबकडी. आणि तिच्यावरच्या, यंत्र जागे करणाऱ्या फायली तर गेलेल्या. सीडी आत सरकत होती, पण यंत्र तिच्यापासून सुरू व्हायला तयार नव्हते. फ्लॉपी घालायला खाचच दिसेना. तिने मांडणी मूळ स्थितीला आणली, तारीख तपासली, कुठे परवलीचा शब्द तर लावलेला नाही ना ते पाहिले, बॅटरी काढून पुन्हा बसवली. दर वेळी यंत्र सुरू होई आणि तीच एकटी ओळ दाखवी. तासभर हे चालले. पंतांच्या पत्नी सुचेताकाकूंनी दोनदा चहा आणला. काय अडले आहे, हे तिने कोणालाच सांगितले नाही.

शेवटी ती म्हणाली, “काका, हा मी क्लासमध्ये नेऊन बघते.” तिथे जाऊन काय करणार, हे तिलाही माहीत नव्हते.

पण आत्मारामपंतांच्या घरातून वस्तू अशी जात नसे. त्यांनी डेडस्टॉक रजिस्टर काढले. घरातली परात, शिवणयंत्र, छत्र्या, सगळ्याची त्यात नोंद होती. “इथं सही करा. नेणाऱ्याचं नाव, परतीची तारीख.”

सुचेताकाकू म्हणाल्या, “मी माहेरी जाते तेव्हाही विचार करतात, कोणत्या पानावर लिहू म्हणून.”

सही करताना संघप्रियाची नजर वरच्या नोंदीवर गेली. ‘संगणक, घडीचा, नग १. तार, नग १. काळा चपटा डबा, आखूड शेपटीसह, उपयोग अज्ञात, नग १. स्थान: लोखंडी कपाट, वरचा कप्पा.’

तिने पेन खाली ठेवले.

“काका, हा डबा कपाटात का ठेवलात?”

“तुटेल म्हणून. सुटा होता. तुम्ही विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं,” ती म्हणाली, आणि मग जे वाक्य तिला कधी जमले नव्हते ते म्हणून गेली. “मी लॅपटॉप आज पहिल्यांदाच बघतेय.”

“हे तर कॉम्प्युटरच पहिल्यांदा बघतायत,” सुचेताकाकू म्हणाल्या. “बरी जोडी जमली. थांब, किल्ली देते.”

डबा म्हणजे फ्लॉपी घालायचा सुटा भाग होता. त्याची शेपटी लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत नेमकी बसली. यंत्र जागे होताना जे जोडलेले असेल तेवढेच त्याला दिसते. म्हणून तिने ते आधी पूर्ण बंद केले, मग सुरू केले. निळ्या पडद्यावर आता दोन ओळी आल्या. फ्लॉपी पहिली. फ्लॉपीने यंत्र उठवले, सीडी वाचण्याची विद्या त्याला शिकवली, आणि प्रणाली परत घालण्याआधी संघप्रियाने ‘अ’ वर्गाची फाइल जागेवर आहे ना, ते पाहून घेतले. होती.

पाऊण तासाने विंडोज उघडले. यादीही उघडली, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. मराठी अक्षरांचा फॉन्टही ‘ड’ वर्गात गेला होता. पंतांचा चेहरा उतरला. दुसऱ्या फ्लॉपीतून तिने तो घातला, आणि पडद्यावर पहिली ओळ उमटली: तात्याराव खरात, वय ५८. यादी फ्लॉपीवर घेऊन क्लासच्या प्रिंटरवर तिने चार प्रती काढल्या.

संध्याकाळी पंतांनी विचारले, तुमचं काय द्यायचं? तिने सांगितले की पुढच्या रविवारी दोघांनी चाळीत जेवायला यायचे. आई जालन्याकडची येसराची आमटी करील. सुचेताकाकू लगेच “येते की” म्हणाल्या. पंतांनी रजिस्टर उघडून लिहिले: ‘मोबदला: खरात यांचे घरी भोजन, नग २. देय.’

मार्चमध्ये नळ आला. एकाच नळवाहिनीतून इमारतीला आणि चाळीला सारखेच पाणी येऊ लागले, आणि संघप्रियाची आई सकाळची दुसऱ्यांदा निजू लागली. सुचेताकाकू जेवून आल्या. आमटी त्यांना इतकी आवडली की पुन्हा न बोलावता गेल्या. आत्मारामपंतांना एकदा गुडघा नडला, एकदा एकादशी, एकदा पाहुणे. नोंदीत मात्र त्यांनी खोटेपणा केला नाही. १९९९ च्या अखेरीस वार्षिक पडताळणीत आपल्याच वळणदार अक्षरात त्यांनी लिहिले: ‘पैकी पूर्ण, नग १. बाकी, नग १.’

ते एक जेवण अजून बाकी आहे.