एक जूनच्या दोन माणिकबाई

सिंधूताई गावंडेंबद्दल लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. माझं डोकं थंड होत नाही म्हणून लिहितोय. आमच्या दवाखान्याच्या वार्षिक अहवालात त्यांचं नाव नाही, उद्घाटनाच्या फोटोत त्या नाहीत. ज्यांचे फोटो आहेत त्यांच्याबद्दल मी मोकळेपणानं बोललो तर अशा शिव्या निघतील की घरातली माणसं मलाच बाहेर काढतील.

मी नितेश, राहणार अकोला. एका धर्मादाय ट्रस्टच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवाला. ट्रस्टचे दवाखाने दोन, मोठा अमरावतीला, लहान अकोल्याला. सिंधूताई माझ्या वरिष्ठ, वयानं आणि अकलेनंही.

त्या मूळच्या बाळापूरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बारावी झाल्यावर लग्न होऊन अकोल्यात आल्या आणि बावीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर लिहायला लागल्या. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या बाया मागे सरकल्या. या मात्र कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या. "भाऊ, हे लाल लाल काय लिहून आलं? काहून आलं?" तो वैतागायचा, पण यांनी पिच्छा सोडला नाही. चाळिशीत मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, डेटाबेस शिकल्या. स्क्रीनवर आलेली प्रत्येक एरर त्यांनी वहीत हातानं उतरवून घेतलीय, तारखेसकट, आणि खाली कशामुळे आली ते. अशा अकरा वह्या आहेत त्यांच्याकडे.

एरर आली की आम्ही पोरं शिव्या घालायचो. त्या खुर्ची पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "बोलली ना बावा ती! न बोलता राह्यली असती तं काय केलं असतं तुमी?"

गेल्या वर्षी ट्रस्टनं ठरवलं की दोन्ही दवाखान्यांची पेशंटयादी एक करायची. अकोल्याच्या अठरा हजार तीनशे बेचाळीस नोंदी अमरावतीच्या नव्या यादीत घालायच्या. त्यासाठी केयूर साहेब नावाचे नवे प्रमुख आले, आणि सिंधूताईंना अन् मला अकोल्याहून अमरावतीच्या दवाखान्यात बसवलं. इंग्रजी फर्डं, बूट चकचकीत, आणि आमचं बोलणं ऐकलं की कपाळाला आठी. त्यांनी नियम केला: नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख ज्यांची सारखी, तो पेशंट एकच. बायकांचं मधलं नाव कधी बापाचं लावलेलं असतं, कधी नवऱ्याचं, म्हणून ते धरायचं नाही.

सिंधूताई बैठकीत उभ्या राहिल्या. "साहेब, हे जमणार नाई. आमच्या इकडे अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा हाये."

साहेब हसले. "असं कसं असेल?"

"असंच हाये. पोरगं शाळेत घालाले नेलं का मास्तर तारीख विचारे. मायबापाले मालूम नसे. मास्तर लिहे एक जून. वर्ष बी अंदाजानं. आता एकेका गावात एकाच आडनावाची शंभर घरं. नाव तेच, गाव तेच, तारीख तेच. माणसं मात्र दोन हायेत ना जी!"

"अशा किती निघतील? दहा?" साहेब म्हणाले, आणि पुढच्या विषयावर गेले. तुम्हीच सांगा, ज्या माणसाला या मातीतल्या जन्मतारखा कशा लिहिल्या गेल्या हे माहीत नाही, त्यानं जन्मतारखेवर नियम करावाच कशाला?

शनिवारी दुपारी स्क्रिप्ट चालवायची होती, म्हणजे नोंदी एकामागून एक नव्या यादीत टाकणारा प्रोग्राम. सोमवारी सकाळी उद्घाटन, अध्यक्ष येणार, बॅनर छापून झालेला. सिंधूताई त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्यासाठी बाळापूरला गेल्या होत्या. मी स्क्रिप्ट सुरू केली आणि दोनशे बाराव्या नोंदीवर ती थांबली. लाल अक्षरात आलं की अशी नोंद आधीच आहे. मी ती बाजूला काढली, पुन्हा चालवली. दोनशे साठवर पुन्हा थांबली.

साहेब मागेच उभे होते. "नितेश, मला हे लाल पुन्हा दिसता कामा नये. काय करायचं ते कर."

अशा स्क्रिप्टमध्ये एक सोय असते. चूक झाली तर काय करायचं हे आपण आधीच लिहून ठेवतो. काय चुकलं ते लिहून ठेव म्हणावं, थांब म्हणावं, सगळं होतं तसं मागे ने म्हणावं. मी काय लिहिलं? काहीही चुकलं तरी काहीही करू नको, पुढे चल. एवढी एक ओळ. सिंधूताईंनी मला पहिल्या महिन्यात बजावलेलं, की ही ओळ लिहिणाऱ्याचे हात मोडीन. माझ्या ते लक्षात होतं. पण घरी जायची घाई होती आणि साहेबांच्या नजरेत चांगलं दिसायचं होतं. झालं, स्क्रिप्ट एका दमात पार झाली. स्क्रीनवर आलं: यशस्वी. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी, भैताड, खूश झालो!

सोमवारी नऊला सिंधूताई आल्या. खाली मांडवात हारतुरे चालले होते. त्यांनी पर्स ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला. "जुन्यात किती, नव्यात किती?"

मी मोजलंच नव्हतं. त्यांनी मोजलं. अकोल्याहून निघाले अठरा हजार तीनशे बेचाळीस. पोचले सतरा हजार नऊशे पंचवीस.

"चारशे सतरा माणसं कुठं गेली, नितेश?"

त्यांनी स्क्रिप्ट उघडली, ती ओळ वाचली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता कानाखाली बसते. बसली असती तर बरं झालं असतं.

"कोणाकोणाची नोंद गेली, हे बी लिहून नाई ठेवलं तुनं?"

"नाही, ताई."

त्या धडाधड जिना उतरून मांडवात गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "नवी यादी थांबवा. अकोल्याची खिडकी आज जुन्या यादीवर चालू द्या."

साहेब दातओठ खात हळू आवाजात म्हणाले, "शेकडा दोन-अडीच गेले असतील. आले की पुन्हा नोंदवतील. अध्यक्षांसमोर तमाशा नको." म्हणे शेकडा दोन-अडीच! यांच्या आईची नोंद त्यात असती, तर हा हिशेब जिभेवर आला असता का?

सिंधूताई वर आल्या. जुनी यादी अजून अकोल्याच्या मशीनवर शाबूत होती. दोन याद्या एकमेकींसमोर ठेवून त्यांनी गळालेली चारशे सतरा नावं काढली. मग त्यातली लाल शेऱ्याची वेगळी केली, म्हणजे ज्यांना एखादं औषध चालत नाही अशी. नऊ निघाली. त्यांत आज दवाखान्यात यायची तारीख कोणाची ते पाहिलं. एक होती. माणिकबाई इंगळे, हिवरखेड, जन्म एक जून. डोळ्याचं ऑपरेशन, अकोला, सकाळी साडेअकरा.

ही बाई सिंधूताईंच्या ओळखीची होती. तीन वर्षांपूर्वी पायाच्या जखमेसाठी आली असताना एका इंजेक्शननं तिचा श्वास अडकला होता. तो लाल शेरा सिंधूताईंनीच खिडकीवर बसून टाकला होता. हिवरखेडलाच दुसरी माणिकबाई इंगळे आहे, धडधाकट, सगळी औषधं चालणारी. तिची नोंद आधी गेली, ही मागून आली आणि माझ्या ओळीनं तिला न बोलता फेकून दिलं. आता अकोल्याच्या खिडकीवर नाव टाकलं की त्या दुसरीचा कागद उघडणार होता.

अकरा चाळीस झाले होते. खिडकीचा फोन कोणी उचलेना, उद्घाटन स्क्रीनवर दाखवत होते म्हणून सगळे तिकडे. सिंधूताईंनी थेट ऑपरेशन थिएटरच्या फोनवर लावला आणि ओरडल्या, "माणिकबाईले इंजेक्शन देऊ नका! तिले चालत नाई ते!"

ते दोन मिनिटांपूर्वीच दिलेलं होतं. तिकडून सिस्टर म्हणाली, पेशंट घाबरल्यासारखी करतेय, अंगावर गांधी उठतायत. कशामुळे ते त्यांना कळत नव्हतं, या फोननं कळलं. डॉक्टरांनी लगेच उतारा दिला. माणिकबाई वाचली, पण चार दिवस अतिदक्षता विभागात होती आणि ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

शुक्रवारी चौकशी बसली. साहेबांनी छापील कागद वाचला, "यंत्रणेत कोणतीही चूक नोंदली गेलेली नाही." खरंच होतं ते! नोंदली जाणार कुठून? मीच तिचं तोंड शिवलं होतं. सिंधूताईंनी एक जूनच्या जन्मतारखांपासून सगळं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "ती ओळ माझ्या सांगण्यावरून लिहिली याला पुरावा काय?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. घरी आई आहे, गाडीचे हप्ते आहेत, काय काय मनात आलं. तोंडातून शब्द निघाला नाही. शेवटी ज्ञापन, म्हणजे ताकीदीचा मेमो, कोणाला मिळालं सांगू? सिंधूताईंना! परवानगीशिवाय थिएटरमध्ये फोन केला आणि आरडाओरडा केला म्हणून. ज्या फोननं बाई जगली, त्या फोनसाठी! त्यांनी सही केली, कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला एक अक्षर बोलल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी माणिकबाई तपासणीला अकोल्याला आली. सिंधूताई मुद्दाम अमरावतीहून गेल्या, मी पण गेलो. बाकावर बारकीशी म्हातारी बसली होती, हाताला सुयांचे निळे डाग. सिंधूताई तिच्यासमोर खाली बसल्या.

"माय, तुमाले इंजेक्शन देताना कोणी विचारलं नाई का, चालते का म्हणून?"

"विचारलं ना. त्या पोरीनं विचारलं, आजी, काही तकलीफ होते का औषधाची? मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरात हाये ना, पाह्य. तिनं पाह्यलं. म्हणे काहीच नाई लिहेल. मले वाटलं, त्याईले जास्त समजते." मग सिंधूताईंकडे बोट करून म्हणाली, "तूच तं सांगतलं होतं बाई, आता लिहून ठेवलं, तू बिनघोर राह्य."

बैठकीत साहेबांना न घाबरलेली, अध्यक्षांसमोर आवाज चढवणारी ही बाई तिथं ढसाढसा रडली. "मावालंच चुकलं, माय," म्हणत राहिली. मला ते ऐकवेना.

"यांचं नाही चुकलं, आजी," मी म्हणालो. "ते मी केलं. तुमची नोंद गळत होती तेव्हा मशीन सांगत होती, मीच तिला गप्प केलं."

म्हातारीनं मला नीट न्याहाळलं. एका डोळ्यात मोतीबिंदू तसाच होता. "साहेबलोकाईले सांगतलं का हे?"

"नाही."

"मंग कायले मले सांगून राह्यला? मी काय करू याचं?"

त्याच दुपारी मी अध्यक्षांना पत्र दिलं. ओळ मी लिहिली, कोणी सांगितलं, कधी, सगळं. साहेबांनी माझ्याशी त्या दिवसापासून बोलणं टाकलंय आणि माझी नोकरी राहते की जाते हे अजून ठरायचंय. सिंधूताईंचं ज्ञापन मागे घेतलेलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

नव्या स्क्रिप्टमध्ये सिंधूताईंनी चुकांसाठी वेगळी यादी केलीय. जी नोंद अडेल ती तिथं जाते, का अडली ते लिहून, आणि संध्याकाळी माणूस बसून ती तपासतो. ती यादी तयार झाली तेव्हा रिकामी होती. पहिली नोंद मी हातानं टाकली. माणिकबाई इंगळे, हिवरखेड. चूक कोणाची: नितेश. तारीख घातली त्या सोमवारची.

सिंधूताईंनी चष्मा लावून वाचलं आणि इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"तारीख दुरुस्त कर. सोमवारी नाई चुकला तू, शनिवारी चुकला."