आईच्या वालाचं बी

आमच्या आईने बरीच वर्षं मन लावून स्वतःच्याच वालाचा सत्यानाश केला. वाल साधासुधा नव्हता. लग्नानंतर तिच्या आईने भंडाऱ्याकडच्या गावाहून पदराच्या गाठीत बांधून दिलेलं ते बी. वडिलांना पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरी लागली तेव्हा संसाराबरोबर तेही भिलाईला आलं आणि क्वार्टरच्या मागच्या कुंपणावर चढलं. माहेरची एवढीच वस्तू इथे उगवते, असं आई म्हणायची.

पण शेंगा वर्षागणिक आखूड होत चालल्या. आईने आधी प्लांटच्या धुराला बोल लावला, मग कुणाच्या तरी नजरेला. एका हिवाळ्यात चपट्या, रोगट शेंगा पाहून तिचे डोळे भरून आले. "सरलं वं आता माया आईचं बी," ती म्हणाली.

मी तेव्हा बीएस्सीला होते. नुकतंच नैसर्गिक निवडीचं प्रकरण शिकले होते आणि घरात ज्याला त्याला माकडाचा भाऊबंद म्हणत होते. त्याच तोऱ्यात मी वालाची चौकशी आरंभली. आई शेंगा तोडते कशा? तर ज्या वेलाला भरदार शेंगा, तो आधी रिकामा. त्या शेंगा शेजारच्या छत्तीसगढी काकूंना, विहारातल्या बायांना, वडिलांच्या शिफ्टमधल्या मित्रांना. किरट्या वेलाच्या शेंगा कोणाला द्यायची तिला लाज वाटे. त्या तशाच वाळायच्या, आणि त्यांचंच बी राख चोळून डब्यात जायचं.

"आई, चांगला वेल तू लोकाईले खाऊ घालते, अन् रोग्याचं बी पेरते," मी म्हटलं. "मायबापाचे गुण बियात उतरतात. ज्याचं बी पुढं जाते, त्याचाच वंश वाढते. जंगलात ऊन, पाणी, कीड हे ठरवते. इथं तू ठरवून राहिली."

"मंग का लोकाईले किडक्या शेंगा देऊ? काय म्हणतीन?"

"एक चांगला वेल तेवढा तोडू नको."

तिने सगळ्यात जोमदार वेलाला लाल चिंधी बांधली आणि घरातली शांतता गेली. काकूंनी कुंपणापलीकडून विचारलं, "ए साल सेमी नइ देबे का दीदी?" सेमी म्हणजे वालाच्या शेंगा. आई "बीज के लिए रखी है" म्हणाली आणि आत येऊन माझ्यापुढे भांडी आपटली. तिला घास गोड लागेना. शेवटी बी वाळलं तसं त्यातलं निम्मं काकूंना देऊनच आली. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे हंगामागणिक शेंगा पुन्हा भरू लागल्या. त्या जणू मीच फुंकून फुगवल्या अशा थाटात मी कॉलेजभर मिरवले.

मग वडील रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून आम्ही भिलाईलगतच रिसालीत घर घेतलं. सामान बांधायच्या धांदलीत बियाला राख चोळायची राहिली. पेरणीला डबा उघडला तर भुंग्याने एकही दाणा सोडला नव्हता. आई डबा मांडीवर घेऊन नव्या घराच्या पायरीवर बसून राहिली. मलाही रडू आलं. एकाएकी काकूंची आठवण झाली आणि मी फोन लावला.

काकू संध्याकाळीच आल्या. चहालाही न थांबता त्यांनी आईच्या हातावर पुडी ठेवली. "ले दीदी, तोर सेमी." आत टपोरे, निरोगी दाणे. आईने ते ओंजळीत घेऊन नाकाला लावले आणि हसायलाच लागली. काकूही हसू लागल्या.

एकाच जागी राहिलेली जात एका संकटात संपते, पसरलेली तगते, हेही माझ्या पुस्तकात होतं. मी ते कधी तिला सांगितलं नव्हतं.

"तू तं म्हणे, देऊन देऊन बी बिघडलं," आई माझ्याकडे वळली. "आता सांग, देल्लं म्हून बिघडलं का देल्लं म्हून वाचलं?"

खरं उत्तर दोन्ही असं होतं. पण ती इतकी खुशीत होती की मी गुपचूप कुदळ उचलली आणि आळं करायला घेतलं.